एमजीबीचं मिसिंग

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या. या स्पोर्ट्स कारच्या बॉनेटखालचं बीएमसीचं बी-सिरीज इंजिन आपल्याला परकं नाही. एमजीबीत ते १७९८ सीसीचं. त्याचंच १४८९ सीसीचं भावंड आपल्या अँबॅसडरमध्ये होतं. अँबॅसडरचे पॉइंट घासण्यात उमेदवारी केलेल्या मिस्त्रीला ही गाडी लगेच कळावी.

तिचं नेहमीचं दुखणं म्हणजे मिसिंग. आयडलिंगला इंजिन थरथरतं, चढाला दम सोडतं. मालकाचा हात आधी दोन एसयू कार्बोरेटरांकडे जातो, कारण ते समोर दिसतात आणि त्यांना फिरवण्याजोगे स्क्रू असतात. तो हात आवरावा. दोष बहुतेक वेळा ठिणगीच्या वाटेवरच निघतो.

आधी लंगडा सिलिंडर शोधायचा. इंजिन चालू ठेवून, इन्सुलेटेड पकडीनं एकेका प्लगची वायर काढायची. जिथं इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. पुढचं काम हेडची रचना सोपं करते. चार सिलिंडरांना इनलेट पोर्ट दोनच: पुढचा एक-दोनला, मागचा तीन-चारला. पुढची जोडी मंद असेल तर पुढच्या कार्बोरेटरवर संशय घ्यावा, किंवा तिथून हवा ओढली जात असल्याचा. दोन आणि तीन एकत्र मेले असतील तर कॉम्प्रेशन तपासा, मधलं हेड गास्केट गेलेलं असू शकतं. एकटाच मेला असेल तर प्लग, वायर, किंवा आवळलेल्या टॅपेटमुळे जळलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. थंड इंजिनाला टॅपेटचा गॅप पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. पॉइंटलाही जवळपास तेवढाच, त्यामुळे फीलर गेजची एकच पट्टी दोन्हीकडे चालते.

मिसिंग सगळ्याच सिलिंडरांत फिरत असेल, तर खरी परीक्षा. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटकडे जाणारी एक बारीक वायर असते. ॲक्सिलरेटर हलला की व्हॅक्यूम ॲडव्हान्स पॉइंटची प्लेट फिरवतो आणि ती वायर दर वेळी वाकते. वर्षानुवर्षांनी आतली तार तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत. आयडलिंगला गाडी शहाणी, रेस दिली की धक्के. डोळ्यांना काही दिसत नाही. बोटांनी ओढल्यावर ती रबरासारखी ताणली जाते, तेव्हा चोर सापडतो. कंडेन्सरची खोड वेगळी: थंड असताना ठीक, तापला की दगा.

वैताग आणतात ते नवे सुटे भाग. आता मिळणाऱ्या काही रोटरांत पितळी पट्टीचा रिव्हेट इतका खोल असतो, की ठिणगी प्लगकडे न जाता खालच्या शाफ्टमध्ये उतरते. त्यातून सगळे भाग एकाच दिवशी बदलले, की जुना दोष कोणता आणि नवा कोणता हेच कळेनासं होतं. याला दुरुस्ती म्हणणं मला पटत नाही. एका वेळी एकच भाग बदला, गाडी चालवून पाहा, आणि काढलेला चालता रोटर-कंडेन्सर भंगारात न घालता डिकीत ठेवा.