गोरा म्हणजे नेमका कोण?

अमेरिकेच्या 1790च्या कायद्याने बाहेरून आलेल्या माणसाला नागरिकत्व मिळायचं, ते फक्त तो ‘स्वतंत्र गोरा’ असेल तर. 1870 साली त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. मधले सगळे लटकलेलेच. आणि गोरा कोण, याची व्याख्या कायद्यात कुठेच नव्हती!

ताकाओ ओझावा हा जपानी गृहस्थ तरुणपणीच तिकडे गेलेला, बर्कलीत शिकलेला, घरात मुलांशी इंग्रजीच बोलणारा. नागरिकत्व मागताना त्याचं म्हणणं साधं होतं: माझी कातडी बघा, कित्येक युरोपियनांपेक्षा उजळ आहे. 13 नोव्हेंबर 1922ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, रंगाचं काय घेऊन बसलात, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा.

तीनच महिन्यांनी भगतसिंग थिंदची पाळी आली. पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकी लष्करात भरती झालेला. त्याच्या वकिलाचं नाव वाचून मराठी कान टवकारतात: सखाराम गणेश पंडित. युक्तिवाद असा की, तेव्हाचे कित्येक मानववंशशास्त्रज्ञ उत्तर हिंदुस्थानी लोकांना कॉकेशियनच म्हणतात, आणि तुमचाच निकाल अजून ताजा आहे. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्तीही एकच, जॉर्ज सदरलंड. त्यांनी आता शास्त्र बाजूला सारलं. साधा माणूस बोलण्यात ज्याला गोरा म्हणतो, तोच गोरा. थिंद त्यात बसत नाही. नव्वद-शंभर दिवसांत मोजपट्टीच बदलली!

पण मी थबकलो तो थिंदच्याच बाजूच्या कागदांपाशी. त्यांत म्हटलंय की, लग्नसंबंधाच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू इथल्या आदिवासींकडे तसाच पाहतो, जसा अमेरिकन माणूस काळ्याकडे. (तिकडे तेव्हा शीखही ‘हिंदू’च.) म्हणजे, आम्हीही तुमच्यासारखंच अंतर राखतो, तेव्हा आम्हाला आत घ्या! वंशवादाचा मार खाणारा माणूस वंशवादाचाच दाखला पुढे करत होता.

म्हणून ‘वंशवाद कुणाच्याही वाट्याला येऊ शकतो का’ या प्रश्नाला मी पटकन हो किंवा नाही म्हणत नाही. काही अभ्यासकांच्या मते पूर्वग्रहाला सत्तेची जोड मिळाली तरच तो वंशवाद. संयुक्त राष्ट्रांच्या 1965च्या करारात मात्र वांशिक भेदभाव म्हणजे वंश, रंग, जन्मकूळ, राष्ट्रीय वा वांशिक मूळ यांवरून केलेला भेद एवढंच आहे. सोसणारा कोण असावा, ही अट नाही. गंमत म्हणजे त्यातला ‘जन्मकूळ’ हा शब्द भारतानेच सुचवला, आणि पुढे त्यात जात येत नाही असं सांगत राहिला तोही भारतच.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न 1976 साली आला तो अँटिफ्रीझच्या 60 डब्यांवरून. माल लांबवल्याचा आरोप तिघांवर. दोघा गोऱ्यांना कामावरून काढलं, काळ्याला ठेवलं. निकाल लिहिला थर्गुड मार्शल यांनी, त्या न्यायालयातल्या पहिल्या कृष्णवर्णीय न्यायमूर्तींनी: नोकरीतल्या वांशिक भेदाविरुद्धचा कायदा गोऱ्यांनाही तितकाच लागू आहे. मला हे पटतं. पण दोन्ही प्रकरणं एकाच पारड्यात घालवत नाहीत. त्या दोघांना दाद मागायला न्यायालय तरी होतं. थिंदला नको म्हणणारा कायदाच होता, आणि त्याचा अर्थ लावणारे न्यायमूर्तीही.

थिंदच्या निकालानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घ्यायला सुरुवात केली. पंडितांना ते 1914 सालीच मिळालं होतं. त्यांच्यावरही खटला झाला. ते लढले: त्या नागरिकत्वाच्या भरवशावर मी वकिली केली, संसार मांडला, हिंदुस्थानातल्या वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्क सोडला; इतकी वर्षं तुम्ही गप्प का होता? 1927 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायलाच नकार दिला. पंडितांचं नागरिकत्व राहिलं. ते गोरे होते की नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने शेवटपर्यंत ठरवलंच नाही.