हबक्कूकचा शतकभराचा अभ्यास

हिब्रू धर्मशास्त्रातले बाकीचे संदेष्टे बहुधा देवाच्या वतीने लोकांना जाब विचारतात. हबक्कूक लोकांच्या वतीने देवालाच जाब विचारतो. त्याचा ग्रंथ अवघा ३ अध्यायांचा, ५६ वचनांचा. अन्याय डोळ्यांदेखत चाललेला असताना देव गप्प का, हा त्याचा पहिला सवाल. शिक्षेसाठी खास्दी लोकांना उभे करतो आहे, असे उत्तर येते तेव्हा तो अधिकच हादरतो. आमच्याहून दुष्ट असलेल्यांनी आम्हाला शासन करायचे, हा कुठला न्याय?

गेल्या शतकाच्या आरंभी मात्र विद्वानांचे लक्ष या सवालापेक्षा काळ ठरवण्यावर होते. खास्दी म्हणजे बाबेलचे सत्ताधारी; तेव्हा इ.स.पू. ६०५ मधल्या कर्कमीशच्या लढाईच्या आसपासचा हा ग्रंथ, असा सरळ तर्क. बर्नहार्ड डूम या जर्मन पंडितांना तो मान्य नव्हता. ‘खास्दी’च्या जागी मुळात ‘कित्ती’, म्हणजे ग्रीक, असावे असे म्हणून त्यांनी १९०६ मध्ये ग्रंथ थेट अलेक्झांडरच्या काळात नेला.

मग १९४७ साल उजाडले. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत बदाऊनी मेंढपाळांना जुन्या गुंडाळ्या सापडल्या. पहिल्या सातांत हबक्कूकवरचे भाष्य होते. ते १९५० मध्ये छापून जगासमोर आले. त्यातल्या मूळ वचनात स्वच्छ ‘खास्दी’ आहे. ‘कित्ती’ येतात ते भाष्यात, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते तिथे ते रोमन आहेत. डूम यांच्या दुरुस्तीचा आधारच गेला. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो भाष्यकार. जुन्या वचनांत त्याने आपल्या पंथाचा छळ वाचला. ‘नीतिमत्त्वाचा गुरू’ आणि त्याच्यामागे लागलेला ‘दुष्ट याजक’ वाचला. ग्रंथ कोणत्या साली लिहिला, यापेक्षा संकटात सापडलेल्या माणसांनी तो कसा धरून ठेवला, हे त्या चामड्यावर दिसते.

हे भाष्य दुसऱ्या अध्यायापाशी थांबते. शेवटच्या स्तंभात चारच ओळी आहेत, पुढे कोरी जागा. तिसरा अध्याय नंतर जोडला, असे मानणाऱ्यांना यामुळे बळ मिळाले. १९५५ मध्ये मुरब्बाअतच्या ओढ्याजवळ सापडलेल्या गुंडाळीत मात्र तो अध्याय आहे. भाष्यकाराने तो वगळला, एवढ्यावरून तो परका ठरत नाही. अंजिराला बहर नाही, वेलीला फळ नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरीही आनंद करीन, असे तिथे संदेष्टा गातो. हे गाणे काढले तर पहिल्या अध्यायातली तक्रार अर्धवट लोंबकळते. त्यामुळे तिन्ही अध्याय एकसंध वाचणारे अलीकडचे अभ्यासक मला अधिक पटतात.

मराठी वाचकाला हा ग्रंथ दूरचा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. आजही कुठल्याही मराठी बायबलात नहूम आणि सफन्या यांच्या मध्ये हबक्कूक सापडेल. तो एका बैठकीत वाचा, आणि तिसरा अध्याय मोठ्याने वाचा.