रंगमंचावरचा दिवा आणि शिडीवरचा माणूस

दिवाळीचे दिवस सरतात, धान कापून खळ्यावर येतं, आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. तो होळीच्या सुमारापर्यंत चालतो. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या व्यवसायाचं ठाणं. तिथल्या नाटकमंडळ्यांना लोक ‘प्रेस’ म्हणतात, आणि बाहेरगावचा पाहुणा छापखाना शोधू लागतो, ही तिथली नेहमीची गंमत आहे. रात्री नऊ-दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि तांबडं फुटेस्तोवर खेळ चालतो. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचं नाव दूरदूर गेलं. नटांविषयी, गाण्यांविषयी पुष्कळ बोललं जातं. ते योग्यच आहे. पण रात्रभर बांबूला टांगलेले दिवे सांभाळणारा जो माणूस असतो, त्याच्याविषयी फारसं कोणी बोलत नाही. आज मला सांगायचं आहे ते त्याच्या तक्रारींविषयी. कारण रंगमंचावरचा दिवा आज जसा आहे तसा तो झाला, याला अशा माणसांच्या तक्रारी पुष्कळ अंशी कारण आहेत.

दिवा तयार होतो कारखान्यात. तिथं त्याची परीक्षा होते ती स्वच्छ खोलीत, सपाट टेबलावर, नेमक्या २३० व्होल्टवर. मग तो येतो धानाच्या बांधीत उभ्या केलेल्या मंडपात. तिथं धूळ आहे, भुसा आहे, पहाटेचं दव आहे, जनरेटरचा लहरी स्वभाव आहे, आणि बैलगाडीपासून टेम्पोपर्यंत खाल्लेले धक्के आहेत. कारखान्यातल्या इंजिनियराला यातलं काहीच दिसत नाही. त्याला ते कोणीतरी सांगावं लागतं.

जुन्या काळी सांगावं लागत नव्हतं, कारण दिवा करणारा आणि वापरणारा बहुधा एकच असे. दंडारीत टेंभा धरणारा माणूस नाचणाऱ्याच्या तोंडासमोर टेंभा नेई, मागे घेई, उंच धरी. तोच दिवा, तोच खांब आणि तोच चालवणारा. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, त्या काळच्या नाटकांनाही मशाली-दिवट्यांचाच आधार होता. पुढे रॉकेलचे दिवे आले, गॅसबत्त्या आल्या. गॅसबत्तीची हवा उतरली की ऐन करुण प्रसंगात कोणीतरी रंगमंचावर येऊन पंप मारत असे आणि प्रेक्षकही ते समजून घेत. विजेचा दिवा आला तेव्हा मात्र काम वाटलं गेलं. दिवा एका गावी बनू लागला आणि हजार मैलांवर पेटू लागला. तेव्हापासून निरोपाची गरज पडली.

हे निरोप कसे गेले आणि त्यातून काय घडलं, याची दोन-चार उदाहरणं सांगतो.

पूर्वीच्या विजेच्या स्पॉटमध्ये एकच जाड भिंग असे. त्याचा झोत कडेला चाकूनं कापल्यासारखा पडे आणि उजेड सगळीकडे सारखा नसे. शेजारी शेजारी दोन दिवे लावले की मधली रेघ नटाच्या अंगावर दिसे. वापरणारे त्यावर धुरकट कागद लावून वेळ मारून नेत. आता, फ्रान्समध्ये ऑगस्तँ फ्रेनेल या शास्त्रज्ञानं समुद्रातल्या दीपस्तंभासाठी एक पातळ भिंग केलं होतं. विहिरीत खडा टाकल्यावर जशी एकात एक वर्तुळं उठतात, तशी त्या काचेवर कडी असतात. १८२३ साली ते कोर्दुआनच्या दीपस्तंभावर लागलं. तेच भिंग शंभरेक वर्षांनी रंगमंचाच्या दिव्यात आलं आणि झोताची कड मऊ झाली. शाळेच्या शिक्षकांनी हे भिंग मुलांना जरूर दाखवावं. हात फिरवला तरी त्याची कडी कळतात.

पण एक गाऱ्हाणं मिटलं की दुसरं उभं राहतं. फ्रेनेलचा मऊ झोत आजूबाजूला सांडू लागला. प्रेक्षकांच्या डोक्यावरून रंगमंचावर उजेड टाकायचा तर तो कमानीवर, पडद्यावर, पहिल्या रांगेतल्या लोकांच्या टकलावर पडू लागला. तेव्हा १९३३ च्या सुमारास अमेरिकेत लंबवर्तुळाकार आरशाचा दिवा निघाला. त्यात पत्र्याच्या चार पट्ट्या असतात. त्या आतबाहेर करून झोत हवा तिथं कापता येतो. मग वापरणारे म्हणाले, सगळं ठीक, पण हा तापतो फार. रंगीत कागद जळतात, नक्षीची पत्र्याची पट्टी वाकते, हात लावायची सोय नाही. त्याला उत्तर यायला बरीच वर्षं लागली. १९९२ साली ‘सोर्स फोर’ नावाचा दिवा आला. त्याचा आरसा काचेचा आणि त्यावर असा लेप, की उजेड पुढे फेकला जावा आणि उष्णतेचे किरण बरेचसे मागच्या मागे निघून जावेत. त्यात ५७५ वॅटचा दिवा जुन्या हजार वॅटच्या दिव्याच्या तोडीचा उजेड देऊ लागला. विजेची जवळजवळ निम्मी बचत झाली, पण मूळ बोंब होती ती जळणाऱ्या कागदांची.

उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरचीही अशीच कथा. पूर्वी कित्येक हौशी मंडळ्या बरणीत मिठाचं पाणी घालून त्यात धातूच्या दोन पट्ट्या सोडीत. पट्टी खाली गेली की उजेड वाढे, वर आली की कमी होई. युक्ती स्वस्त, पण पाणी उकळे, वाफ येई, आणि चुकून हात लागला तर जिवाशी गाठ. हे प्रयोग आज कोणी करू नयेत. १९५७ साली अमेरिकेत थायरिस्टर हा अर्धवाहक भाग तयार झाला आणि डिमर पेटीत मावू लागला. तो विजेच्या लाटेचा तुकडा कापून उजेड कमी करतो. पण कापलेली लाट तारांत गुणगुण निर्माण करते. नाटकातल्या टांगत्या मायक्रोफोनमधून ती गुणगुण लोकांना ऐकू जाऊ लागली. दिवा मंदावला की खरखर सुरू! आम्हा रेडिओच्या मंडळींना ही खरखर चांगली ओळखीची. ध्वनी सांभाळणाऱ्यांनी आरडाओरड केली, तेव्हा उत्पादकांनी डिमरमध्ये तारेची वेटोळी घालून ती लाट मऊ केली. तक्रार केली कोणी? दिवेवाल्यानं नव्हे, शेजारच्या माइकवाल्यानं.

आणि एक उदाहरण मला फार आवडतं. पूर्वी एका कंपनीचा फलक दुसऱ्या कंपनीच्या डिमरला चालत नसे. भाड्यानं सामान आणणाऱ्याची पंचाईत होई. शेवटी १९८६ साली अमेरिकेतल्या नाट्यतंत्रज्ञांच्या संस्थेनं सर्वांना एकत्र बसवून एक समाईक भाषा ठरवली. तिचं नाव डीएमएक्स ५१२. एका तारेवरून ५१२ वेगवेगळे हुकूम जातात. आज मुंबईच्या नाट्यगृहात आणि वडशाच्या मंडपातही हीच भाषा चालते.

आता जरा थांबून एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. वापरणाऱ्याची तक्रार बहुधा खरी असते. पण त्यानं सुचवलेला उपाय खरा असेलच असं नाही. डॉक्टराला पोट दुखतं म्हणून सांगावं. औषधाचं नाव आपण सांगू नये.

समजा, एखादा ऑपरेटर म्हणतो, ‘‘उजेड कमी पडतो, मोठा दिवा द्या.’’ हिशेब करून पाहू. मंडपापासून जनरेटर ६० मीटर लांब आहे. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ओढली आहे आणि तिच्यातून २० अँपिअर प्रवाह जातो आहे. जाऊन-येऊन तार होते १२० मीटर. एवढ्या तारेत सतरा-अठरा व्होल्ट वाटेतच गळतात. म्हणजे २३० निघाले आणि दिव्याला मिळाले २१२. आठ टक्केसुद्धा घट नाही, मग एवढं काय झालं? झालं असं, की तारेच्या जुन्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या मानानं फार झपाट्यानं उतरतो. आठ टक्के व्होल्टेज गेलं की जवळजवळ पाव उजेड गेला, आणि राहिला तो तांबूस झाला. आता यांना मोठा दिवा दिला तर तो प्रवाह जास्त ओढणार, तारेत गळती वाढणार, तार तापणार. ती गुंडाळी न सोडता रिळावरच ठेवली असेल तर प्लास्टिक वितळेल आणि कडब्याच्या, कनातीच्या मंडपात आग लागायला वेळ लागणार नाही. हवी होती जाड तार. मागितला मोठा दिवा. मागणी पुरवणारा व्यापारी माल विकून मोकळा होतो. चांगला बनवणारा मात्र विचारतो, ‘‘तार किती लांब आहे, दादा?’’

दुसरी अडचण अशी, की दिवा विकत घेणारा आणि दिवा वापरणारा हे दोघे वेगळे असतात. घेतो ठेकेदार, तो किंमत बघतो, वजन बघतो. शिडीवर चढतो तो विशीतला पोरगा. घट्ट बसलेला स्क्रू त्याला अंधारात एका हातानं फिरवायचा असतो, दुसऱ्या हातानं बांबू धरून. पिळायचा खटका बोटांना मोठा हवा, सुरक्षिततेची साखळी दिव्याबरोबरच जोडलेली हवी, हे त्याला ठाऊक असतं. पण कारखान्याचं पत्र ठेकेदाराच्या पत्त्यावर जातं. नटांनाही कोणी विचारत नाही. वरून उभा उजेड पडला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात. राणीचं काम करणारी बाई तीन अंकभर आजारी वाटते. समोरच्या खालच्या दिव्यांची पद्धत मागे पडल्यावर हे गाऱ्हाणं वाढलं, आणि समोरून तिरपा उजेड टाकण्याचे मार्ग शोधावे लागले.

आता सर्वत्र एलईडी आले आहेत. वीज थोडी लागते, रंगीत कागद लागत नाही, व्होल्टेज थोडं उतरलं तरी उजेड फारसा उतरत नाही. खेड्यातल्या मंडळीला हे वरदानच आहे. पण त्यांच्याही तक्रारींची वही भरत चालली आहे. पहिले स्वस्त दिवे लाल, हिरवा, निळा अशा तीनच रंगांचे होते. तिन्ही मिळून पांढरा दिसतो खरा, पण त्यात माणसाचा चेहरा राखेसारखा दिसतो आणि हळदीचा पिवळा मळका वाटतो. निव्वळ निळ्या उजेडात लाल कुंकू काळं दिसतं, हे तर कोणीही घरी करून पाहावं. प्रकाशयोजना करणारे यावर अडून बसले, म्हणून पुढे पांढरा, अंबर, लिंबाच्या रंगाचा हिरवा असे जास्तीचे रंग त्यात घातले गेले. दिवा हळूहळू विझवताना शेवटी तो धक्के खात विझतो, ही दुसरी तक्रार. प्रेक्षक मोबाइलवर नाटक टिपतात त्यात काळे पट्टे सरकतात, ही तिसरी. आणि ती प्रेक्षकांकडून आली.

झाडीपट्टीची म्हणून जी तक्रार आहे ती निराळी. दिव्यात पंखा असतो. तो धूळ आणि भुसा ओढतो, तोंड बुजतं, दिवा तापतो आणि ऐन दुसऱ्या अंकात स्वतःला मंद करतो किंवा बंद होतो. पूर्वी दिवा गेला तर नवा बल्ब फिरवून बसवला की काम होई. आता आतली पाटी जाते, ती गावात दुरुस्त होत नाही, आणि हंगाम तर चार महिन्यांचा. पंखा नसलेला, पाठीवर पन्हाळी असलेला दिवा, किंवा हत्यारावाचून निघणारी जाळी, किंवा बाहेर काढून बदलता येणारी वीजपेटी, यांपैकी काहीही चालेल. पण हे मागायला हवं, आणि नेमकं मागायला हवं.

नेमकं मागितलं तर ऐकलं जातं. युरोपात २०१८ साली विजेच्या बचतीचा असा एक कायदा येऊ घातला होता, की रंगमंचावरचे बहुतेक जुने दिवे त्यातून बाद झाले असते. नाटकवाल्यांनी नुसता निषेध केला नाही. कोणता दिवा कशासाठी लागतो आणि त्याला पर्याय का नाही, हे एकेक करून मांडलं. २०२१ साली नियम लागू झाले तेव्हा रंगमंचाच्या ठराविक दिव्यांना त्यात सूट होती. अमेरिकेतले अभ्यासक एरिक फॉन हिपेल यांनी तर १९७६ साली शास्त्रीय उपकरणांचा इतिहास तपासून दाखवलं, की त्यांतल्या तीन-चतुर्थांशाहून अधिक महत्त्वाच्या सुधारणा आधी वापरणाऱ्यांनीच करून पाहिलेल्या होत्या. आपल्याकडे कलकत्त्याच्या तापस सेनांनी १९५९ साली ‘सेतू’मध्ये रंगमंचावर आगगाडी आणि ‘अंगार’मध्ये खाणीत चढणारं पाणी नुसत्या उजेडानं दाखवलं, ते काही तयार यंत्र विकत आणून नव्हे.

शाळांचं स्नेहसंमेलन असो की नागपूर केंद्रावरची राज्य नाट्य स्पर्धा, जिथं प्रकाशयोजनेला स्वतंत्र बक्षीस असतं, तिथं एक साधी वही ठेवता येईल. शिक्षकांनी हे काम वरच्या वर्गातल्या मुलांकडे द्यावं. ‘दिवा खराब’ असं लिहू नये. तारीख लिहावी, किती तास पेटला ते लिहावं, त्या वेळी व्होल्टेज किती होतं, तार किती लांब नि किती जाड, दिवा विझला की मंदावला, थंड झाल्यावर पुन्हा लागला का, आत उघडल्यावर काय दिसलं, आणि वेळ निभावण्यासाठी आपण काय केलं. हे शेवटचं विसरू नये. डब्याचा पत्रा कापून झडप केली असेल तर तेही लिहावं, कारण बनवणाऱ्याला त्यातच पुढचा नमुना सापडतो. आत उघडण्यापूर्वी प्लग काढावा. अर्थिंगची पिन मोडून दोन पिनांवर काम चालवू नये, आणि जोडणीत ३० मिलिअँपिअरला तुटणारं सुरक्षा-बटण असावं. हॅलोजनच्या काचेला उघडा हात लावू नये. घामाचा डाग राहिला तर ती तिथंच फुगते किंवा फुटते. दिवा दुरुस्तीला पाठवताना वहीतलं ते पान उतरवून त्याला दोऱ्यानं बांधावं, आणि खाली ठेकेदाराचं नव्हे, तर शिडीवर चढणाऱ्याचं नाव लिहावं.