कडाक्याच्या थंडीतला कॅमेरा

कॅनडातल्या विनिपेग किंवा एडमंटनमध्ये घराबाहेर कॅमेरा लावायचा, तर आधी खोक्यावरची तापमानाची मर्यादा वाचावी. तिथे हिवाळ्यात पारा उणे 30 अंश सेल्सिअसच्याही खाली जातो आणि बॅटरीवरचे बरेच कॅमेरे उणे 20 पर्यंतच चालतात.

लिथियम-आयन बॅटरी थंडीत लवकर उतरते. शिवाय शून्याखाली चार्ज केली, तर आत लिथियम धातूचा थर साचून ती कायमची खराब होऊ शकते. म्हणून चांगल्या कॅमेऱ्यांत गारठ्यात चार्जिंग आपोआप थांबतं. मग सौर पॅनेल असूनही जानेवारीत उपयोग नसतो. माझ्या मते अशा ठिकाणी वायरचाच कॅमेरा घ्यावा, शक्यतो पीओई, म्हणजे एकाच नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही नेणारा. सतत चालू असल्याने तो स्वतःच्या उष्णतेवर थोडा उबदार राहतो. मात्र वीज जाऊन पुरता गारठला, की पुन्हा सुरू होताना अडू शकतो; त्याला यूपीएस द्याच.

केबल खास बाहेर वापरायची हवी. साधं पीव्हीसी आवरण थंडीत कडक होऊन तडकतं. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोल ठेवावा, म्हणजे वितळलेल्या बर्फाचं पाणी तिथेच ठिबकून जातं. कॅमेरा वळचणीखाली बसवावा, पण कपडे वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा बाहेर पडते त्या तोंडापासून लांब. तिथली दमट वाफ काचेवर गोठते. आणि हे सगळं काम सप्टेंबरातच उरकावं, कारण भिंतीच्या भोकात भरायचे बरेच सीलंट गोठत्या थंडीत नीट धरत नाहीत.