मोटारीचा आंतील साज

गेल्या माघांत माझा पुतण्या लातूरहून नांदेडला आमच्याकडे आला, तो काखेंत एक लांबट पुडकें घेऊनच. "काका, या खेपेस मोटारीचें रूप पालटायचें, आणि तेंहि घरच्या घरीं!" असें त्यानें उंबऱ्यावरूनच जाहीर केलें. पुडक्यांतून काळ्या, चकचकीत, विणलेल्या कापडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या निघाल्या. आमच्या मातुःश्रींनीं एक पट्टी उन्हाकडे धरून पाहिली आणि विचारलें, "हे कोणत्या लुगड्याचे काठ रे?"

सगळे हंसले, पण प्रश्न अगदींच अस्थानीं नव्हता. कार्बन-तंतु ही खरोखरच विणण्याची वस्तु आहे. एक विशिष्ट कृत्रिम धागा प्रथम हवेंत दोन-तीनशें अंशांपर्यंत तापवितात. मग प्राणवायु नसलेल्या भट्टींत तो हजार अंशांच्याहि वर नेतात. इतर द्रव्यें उडून जातात आणि बहुतेक निव्वळ कार्बन मागें राहतो. हा तंतु माणसाच्या केसाहूनहि कितीतरी बारीक असतो. असे हजारों तंतु मिळून एक पेड होतो, पेडांचें कापड विणतात आणि तें इपॉक्सी नांवाच्या राळेंत भिजवून घट्ट करितात. १९५८ सालीं अमेरिकेंत रॉजर बेकन यांना असे बळकट तंतु प्रयोगशाळेंत मिळाले. १९६१ च्या सुमारास जपानांत अकिओ शिंदो यांनीं आजच्या पद्धतीचा पाया घातला. १९८१ सालीं मॅकलारेन कंपनीनें शर्यतीच्या मोटारीचा सांगाडाच या द्रव्याचा केला. तेव्हांपासून ही काळी वीण वेग आणि बळ यांची खूण होऊन बसली आहे. आपल्या तेजस विमानाच्या बांधणींतहि तिचा मोठा वांटा आहे.

तथापि साज म्हणून स्वस्त मिळणाऱ्या पट्ट्या बहुधा खऱ्या नसतात. प्लास्टिकच्या फिल्मवर त्या विणीची नक्षी उठविलेली असते. खरी पट्टी उन्हांत फिरविली म्हणजे विणीचे चौकोन पाळीपाळीनें उजळतात व मावळतात, आणि कापलेल्या कडेस धाग्यांचीं टोकें दिसतात. नकली पट्टी लावण्यांत पाप नाहीं. मात्र खऱ्याचें मोल तिला देऊं नये. आमच्या पुडक्यांत दोन पट्ट्या खऱ्या होत्या, बाकीच्या नकली.

दुसऱ्या दिवशीं दहाच्या सुमारास अंगणांतील कडुनिंबाखालीं काम मांडलें. सावली मुद्दाम निवडली. तापलेल्या जागेवर डिंक लागतांच पकडतो आणि चूक सुधारतां येत नाहीं, गारठ्यांत तो पकडतच नाहीं. प्रथम साबणाच्या पाण्यांत पिळलेल्या फडक्यानें सारी जागा पुसली, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनें. डॅशबोर्ड चकाकावा म्हणून लावलेलें तेलकट पॉलिश राहिलें, तर डिंक कितीहि चांगला असो, पट्टी सुटते. नंतर जाड कागदाचे साचे कापून जागच्या जागीं बसवून पाहिले. साचा जुळल्यावांचून पट्टीस कात्री लावली नाहीं. वळणाच्या ठिकाणीं फिल्म केस वाळविण्याच्या यंत्रानें किंचित् ऊन केली आणि मधून कडेकडे दाबीत नेली, म्हणजे हवेचे फुगे राहत नाहींत. खऱ्या पट्ट्या दुहेरी डिंकाच्या टेपनें बसविल्या. त्या टेपची पकड पुरी होण्यास सुमारें तीन दिवस लागतात. तोंवर पट्टीस हात लावूं नये.

आणखी तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. खरी पट्टी घासणें प्राप्त झालें, तर पाणी लावून आणि तोंडास मास्क बांधून घासावी. तिची कोरडी धूळ श्वासास व त्वचेस बाधते. कार्बन वीजवाहक आहे, म्हणून भुगा फ्यूजच्या पेटींत जाऊं देऊं नये. समोरच्या काचेखालच्या सपाट भागावर चकचकीत पट्टी लावूं नये. तिचें प्रतिबिंब काचेंत पडून रस्ता नीट दिसत नाहीं.

दुपारपर्यंत काम संपत आलें. एक खरी पट्टी उरली होती. पुतण्या ती डाव्या बाजूस, शेजारच्या आसनासमोर लावूं लागला, तेव्हां मीं त्याचा हात धरला. तेथें प्लास्टिकवर 'एअरबॅग' हीं अक्षरें उमटविलेलीं होतीं. चालकासाठीं ही हवेची पिशवी नव्या मोटारींत १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या प्रवाशासाठींचा नियम २०२१ सालीं आला. टक्कर होतांच वायूनें फुगून ती पापणी लवण्याच्या आंत बाहेर येते, आणि त्यासाठीं वरचें झांकण आंतून कोरलेल्या रेषेवर फाटावें लागतें. त्यावर टणक पट्टी चिकटविली, तर झांकण अडेल, किंवा पट्टीच तुकडे होऊन समोरच्याच्या तोंडावर येईल. स्टीअरिंगची मधली गादी आणि पडद्याच्या पिशव्या असलेले खिडकीचे खांब यांनाहि हाच नियम लागू. आसनाच्या कडेंत पिशवी असेल, तर तेथें सरसकट शिवलेली खोळहि घालूं नये.

"काका, सगळे लावतात. कुणाला काय झालंय?" तो म्हणाला.

मीं विचारलें, "किल्लारीचीं माळवदें किती वर्षें निर्धास्त उभीं होतीं?"

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ज्या दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदें कोसळून हजारों माणसें झोपेंतच गेलीं, त्या घरांनीं तोंवर कोणास कांहीं केलें नव्हतें. लातूरच्या मुलाला याहून अधिक सांगावें लागत नाहीं. त्यानें पट्टी मुकाट्यानें पुडक्यांत ठेवली.

चौथ्या दिवशीं मातुःश्री त्याच्याबरोबर लातूरला निघाल्या. गुडघ्यांमुळें त्या नेहमीं पुढेंच बसतात. पट्टा बांधून त्यांनीं चोहींकडे पाहिलें आणि म्हणाल्या, "सगळीकडे काठ, आणि माझ्याच पुढ्यांत कोरें कां रे?"

"आजी, तेवढी जागा तुझ्यासाठींच मोकळी ठेवली आहे," तो म्हणाला, आणि लोह्याच्या रस्त्यानें त्यानें मोटार हळूच हांकली.