फवारणीचे विष आणि जनावराचा श्वास

खोडकिड्यासाठी भाताच्या बांधीत फवारणी झाली आणि त्याच धुऱ्यावरील गवत बैलाने खाल्ले, अथवा औषध कालविलेल्या बादलीस तोंड लावले, म्हणजे त्याच्या तोंडातून लाळ गळू लागते, अंगास कंप सुटतो, शेण पातळ होते, डोळ्यातील बाहुली बारीक होते व छातीत घरघर ऐकू येते. असे जनावर बहुधा श्वास अडून दगावते.

श्वासाची आज्ञा मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रातून निघते व मज्जातंतूंमार्फत छाती आणि पोट यांमधील श्वासपटलाकडे येते. मज्जातंतूचे टोक व स्नायू यांमध्ये मात्र सूक्ष्म फट असते. तेथे निरोप पोचविण्याचे काम ॲसिटिलकोलीन हे द्रव्य करते. मज्जातंतू रासायनिक द्रव्याने निरोप देतात, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखविले. त्यांना व हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. काम होताच एक विकर या द्रव्याचे विघटन करते व स्नायू पुढील आज्ञेस मोकळा होतो.

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी औषधे नेमके हे विकरच निकामी करतात. तलावाचे पाणी बांधीत सोडून पाट बंदच केला नाही तर जे होईल, तेच शरीरात होते. ॲसिटिलकोलीन साचत जाते. श्वासनलिका आवळतात व स्रावाने भरतात, श्वासपटल थकून लुळे पडते आणि मेंदूतील केंद्रही मंदावते. माणसाची गत निराळी नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले; तेथील औषधांत प्रोफेनोफॉसही होते.

नागाचे विष याच फटीत उलट रीतीने काम करते. ते निरोप स्नायूपर्यंत पोचूच देत नाही; अंग लुळे पडते व शेवटी श्वास थांबतो.

विषबाधा दिसताच पशुवैद्यकास तात्काळ बोलवावे. ॲट्रोपिनच्या सुईने स्राव आटतो व श्वासनलिका मोकळ्या होतात. लुळ्या स्नायूंवर मात्र तिचा उपाय चालत नाही, त्यासाठी निराळे औषध वेळेत द्यावे लागते. धोतऱ्यातही ॲट्रोपिन असते हे खरे, परंतु पानातील प्रमाण ठरलेले नसल्याने ती चारणे म्हणजे एका विषावर दुसरे घालणे होय. धापा टाकणाऱ्या जनावरास तेल, ताक वा गुळाचे पाणी पाजू नये. ते फुप्फुसात उतरते आणि विषापूर्वीच प्राण घेते. जनावर उरावर बसते ठेवावे, लाळ बाहेर वाहील असे तोंड खाली करावे. औषध अंगावर सांडले असल्यास हातमोजे घालून साबणपाण्याने धुवावे. औषधाचा डबा टाकून न देता पशुवैद्यकास दाखवावा. कोणती सुई द्यावी हे त्यावरील नावावरूनच ठरते.