पालक होण्यासाठी पात्रतेची अट असावी का?

जयगड, (प्रतिनिधी) : शास्त्री नदीच्या मुखावर वसलेल्या जयगडमध्ये ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायची असेल, तर उमेदवाराला अपत्यांची संख्या जाहीर करावी लागते. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेली व्यक्ती अपात्र ठरते. हा नियम राज्यातील सर्वच ग्रामपंचायतींना लागू आहे. शासकीय सेवेत प्रवेश करतानाही २००५ च्या नियमांनुसार लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन द्यावे लागते.

मुलांच्या छळाच्या बातम्या आल्या की, वाहन चालविण्यास परवाना लागतो, मग पालक होण्यास का नको, असा सवाल हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना वरील नियमाचा अनुभव उपयोगी पडतो. या नियमाने मुले मोजली जातात. त्यांचे संगोपन कसे होते, हे त्यातून कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हरियाणातील अशी अट वैध ठरविली. तिसरे मूल दत्तक दिले तरी अपात्रता टळत नाही, असा निर्वाळाही २०१८ मध्ये दिला. आंध्र प्रदेशाने मात्र २०२४ मध्ये ही अट रद्द केली.

पालकांची खरी पारख आपल्याकडे एकाच ठिकाणी होते, ती दत्तकविधानात. २०२२ च्या नियमावलीनुसार दांपत्याचा विवाह किमान दोन वर्षे टिकलेला असावा लागतो. प्रकृती व आर्थिक स्थिती तपासली जाते, समाजसेवक घरी येऊन अहवाल तयार करतात. मूल घरी आल्यावरही दोन वर्षे पाठपुरावा होतो. हे योग्यच आहे. कारण ते मूल आधीच शासनाच्या छत्राखाली असते आणि ते कोणाच्या हाती सोपवावे, याची जबाबदारी शासनावर असते.

जन्माआधीच्या परवानगीची गोष्ट वेगळी. विनापरवानगी गर्भधारणा झाल्यास शासन काय करणार? दंड, सक्तीचा गर्भपात की नसबंदी? महाराष्ट्र या वाटेवर एकदा गेला होता. आणीबाणीत, १९७६ मध्ये, तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक राज्य विधिमंडळाने संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही.

चंडीगडच्या शासकीय संस्थेतील एका मतिमंद अनाथ तरुणीचे प्रकरण याहून बोलके आहे. ती मातृत्व पेलू शकणार नाही, असे म्हणत प्रशासनाने गर्भपाताची परवानगी मागितली आणि उच्च न्यायालयाने ती दिली. तरुणीला मूल हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करण्यास नकार दिला. मूल होऊ द्यावे की नाही, हा निर्णय स्त्रीच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले. पात्रता परीक्षा आली, तर तिचा पहिला फटका अशाच दुबळ्या, गरीब स्त्रियांना बसेल.

रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुडच्या कर्वे घराण्यातील र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. त्यांचा मार्ग सक्तीचा नव्हता. लोकांना माहिती व साधने देण्याचा होता. शासनासाठीही तोच मार्ग इष्ट ठरतो. जन्मापूर्वी सल्ला, जन्मानंतर अंगणवाडी व आरोग्यसेवेचा आधार आणि छळ होत असल्यास बाल न्याय अधिनियमानुसार तातडीची कारवाई, ही शासनाची कामे आहेत. पालकांची परीक्षा घेण्यापूर्वी त्या कामांत शासनाने स्वतः उत्तीर्ण व्हावे.